ओढ्यातल्या मासेमारीसाठी छोटी कयाक कशी निवडावी

ओढ्यात गळ टाकायला निघालेला माणूस दिवसभरात कयाक जितकी वल्हवतो, जवळजवळ तितकीच ती उचलतो, ओढतो आणि ढकलतो. थोड्या थोड्या अंतरावर गोट्यांचा उथळ पट्टा येतो, आडवं पडलेलं झाड येतं, काठाला लागून पुन्हा पुढे पाण्यात उतरावं लागतं. मोकळ्या तलावावर यातलं काही नसतं, आणि मासेमारीच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच कयाक तलाव डोळ्यांसमोर ठेवूनच बनवलेल्या असतात: लांब, रुंद, जड, उंच खुर्चीच्या. तशी बोट ओढ्यात आणली की दोन-तीन फेऱ्यांतच दमछाक होते आणि मग ती घराच्या कोपऱ्यात पडून राहते. ओढ्यासाठी निवड करताना सुरुवात पाण्यापासून करा, दुकानात नंतर जा.

आधी ओढा मोजा

जिथे जायचं त्या पाण्याच्या काठाने एकदा चालत जा, शक्यतो पाणी सर्वांत कमी असतं त्या हंगामात. सोबत एक सरळ काठी घ्या आणि तिच्यावर १०, २० आणि ३० सेंटिमीटरला खुणा करा. चार गोष्टी लिहून ठेवा. सर्वांत उथळ पट्ट्यात पाणी किती आहे. सर्वांत अरुंद जागी पात्र किती रुंद आहे. गाडी उभी राहते तिथून पाण्यापर्यंत किती पावलं आहेत. आणि उतरायच्या जागी काठ किती उंच आहे.

१० सेंटिमीटरच्या आतलं पाणी म्हणजे तिथे खाली उतरून कयाक दोरीने ओढत न्यायची, हे धरूनच चला. असे पट्टे एखाद-दोन असतील तर चिंता नाही. एका फेरीत आठ-दहा लागणार असतील, तर बसण्या-उतरण्याची सोय आणि बोटीचं वजन या दोनच गोष्टी बाकी सगळ्यावर मात करतात. पात्र बोटीच्या लांबीपेक्षा अरुंद असेल तर तिथे तोंड फिरवता येणार नाही, उलटं वल्हवत मागे यावं लागेल. गाडीपासून दोनशे पावलांहून जास्त चालायचं असेल, तर पुढचा वजनाचा भाग दोनदा वाचा.

लांबी

ओढ्यासाठी ८ ते १० फूट. यात बहुतेकांचं काम भागतं. ८ फुटांखालची बोट वल्ह्याच्या प्रत्येक फटक्याला डावीकडे-उजवीकडे नाक हलवत जाते. सरळ नेण्यातच निम्मी ताकद संपते, आणि वजनदार माणूस बसला की ती नको इतकी बुडते. साडेदहा फुटांच्या पुढे गेलात की वळणावर मागचं टोक काठाच्या मुळांत अडकायला लागतं. अधूनमधून तलावावरही जायचा विचार असेल तर १० फूट हा चांगला मध्य. वेगाचा विचार इथे करू नका. एवढ्या लांबीची कयाक आरामात ताशी ४-५ किलोमीटर जाते आणि ओढ्यात त्याहून जास्त कधी लागतही नाही.

बोट किती बुडेल, याचा हिशेब

जाहिरातीत लांबी, रुंदी, रंग सगळं असतं, पण भार घेतल्यावर बोट पाण्यात किती खाली जाईल हे क्वचितच लिहिलेलं असतं. ते घरबसल्या काढता येतं, आणि ओढ्यासाठी याहून उपयोगाचा आकडा नाही.

समजा कयाक ९ फूट लांब आणि ३० इंच रुंद आहे. म्हणजे साधारण २.७५ मीटर गुणिले ०.७५ मीटर, सुमारे २ चौरस मीटर. टोकांकडे ती निमुळती होते, त्यामुळे यातलं सत्तर टक्के धरा: १.४ चौरस मीटर. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. बोट २२ किलो, माणूस ७५ किलो, सामान १३ किलो, असे ११० किलो झाले तर ११० लिटर पाणी बाजूला सारावं लागेल. ०.११० घनमीटरला १.४ ने भागलं की जवळपास ८ सेंटिमीटर येतात. ही सरासरी झाली. बूड गोलसर असतं आणि बसणाऱ्याचं वजन बहुतेक वेळा थोडं मागच्या बाजूला येतं, म्हणून सर्वांत खोल भाग आणखी तीन-चार सेंटिमीटर खाली असतो. ही बोट गोट्यांना न घासता जायला साधारण १२ सेंटिमीटर पाणी हवं.

याच हिशेबात दर १४ किलो वाढीव भाराला बोट एक सेंटिमीटर जास्त बुडते. बर्फाने भरलेली मोठी पेटी, बॅटरी, जास्तीचे तीन रॉड (गळाच्या काठ्या) हे सगळं चढवलं की जिथून तरंगत जाता आलं असतं तिथे उतरून ढकलावं लागतं. सामान कमी ठेवण्याचा आग्रह यासाठीच आहे.

भारक्षमतेचा छापील आकडाही जपून वाचा. तेवढं वजन घातल्यावर बोट तरंगते एवढाच सहसा त्याचा अर्थ असतो. ती नीट वळेल, कोरडी राहील, स्थिर राहील असं नाही. अंगचं वजन आणि सामान मिळून छापील आकड्याच्या सत्तर टक्क्यांच्या आत ठेवा. वरच्या उदाहरणात ७५ आणि १३ मिळून ८८ किलो, त्याला ०.७ ने भागा, म्हणजे निदान १२६ किलो क्षमतेची कयाक हवी.

वर बसायची की आत बसायची

वर बसायच्या कयाकला बंद पोकळ अंग असतं आणि तुम्ही त्याच्या पाठीवर बसता. आत बसायच्या कयाकमध्ये पाय बोटीच्या पोटात जातात. ओढ्यात पुन्हा पुन्हा चढ-उतार करायची असल्याने नवशिक्याने वर बसायची घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. पाय बाजूला टाकून उतरता येतं, उलटली तर सरळ करून परत चढता येतं आणि आत पाणी साठून ती बुडत नाही. आत बसायची कयाक हलकी असते, बसणारा जास्त कोरडा राहतो, थंडीत पाय उबदार राहतात. पण ती उलटून भरली की शंभर-दीडशे लिटर पाणी आत शिरतं, म्हणजे तेवढेच किलो. वाहत्या पाण्यात ते एकट्याने आवरत नाही. तीच घ्यायची असेल तर दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे किंवा हवेच्या पिशव्या आहेत याची खात्री करा, आणि आत शिरण्याचं भोक एवढं मोठं असू द्या की बसल्या बसल्या गुडघा वर काढता येईल.

वर बसायच्या बोटीत तळापासून बैठकीपर्यंत आरपार नळीसारखी भोकं असतात, त्यांना स्कपर म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, भोक असलेली बोट तरंगते कशी? नळीत पाणी बाहेरच्या पातळीइतकंच चढतं. बैठक त्या पातळीच्या वर असली की आत आलेलं पाणी आपोआप खाली निघून जातं. भार जास्त झाला आणि बैठक पाण्याच्या पातळीखाली गेली की तीच भोकं उलटी वाहतात आणि तुम्ही डबक्यात बसता. बुचं मारून ते थांबतं, पण मग वरून आलेलं पाणीही अडकून राहतं. बुचं मारल्याशिवाय बैठक कोरडी राहत नसेल, तर ती कयाक तुमच्या वजनाला लहान आहे.

हवा भरायच्या कयाककडे नाक मुरडू नका. गाडीत किंवा घरात जागा नसेल तर तोच खरा मार्ग. साध्या नळ्यांच्या कयाकमध्ये २-३ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक) दाब असतो आणि ती मधोमध वाकते. ज्यांच्या तळाच्या दोन थरांमध्ये धाग्यांचं दाट विणकाम असतं त्यांच्यात ८-१० पीएसआयपर्यंत हवा भरता येते आणि तळ फळीसारखा ताठ राहतो. घ्यायची तर दुसऱ्या प्रकारची घ्या. बोट सरळ जावी म्हणून तळाला लावायचं पातं लहान, काढता-घालता येणारं हवं. मोठं पातं पंधरा-वीस सेंटिमीटर खाली जातं आणि उथळ पाण्याचा सगळा फायदा घालवतं. गार पाण्यात दहा मिनिटांनी दाब उतरतो, तेव्हा पुन्हा हवा भरा. उन्हात काठावर ठेवाल तेव्हा थोडी हवा सोडा, नाहीतर शिवणीवर ताण येतो. गळापेक्षा काटेरी फांद्या आणि धारदार शिंपले जास्त घात करतात.

पायाने चालवायच्या पेडलच्या कयाक खोल पाण्यात सुरेख चालतात. त्यांच्या पंखांना किंवा पंख्याला एक-दीड फूट मोकळं पाणी लागतं. ओढ्यासाठी तो विषय इथेच संपतो.

बुडाचा आकार आणि रुंदी

२८ ते ३२ इंच रुंदी ओढ्याला पुरे. सपाट बुडाची बोट शांत पाण्यात घट्ट बसल्यासारखी वाटते, पण एका मर्यादेपलीकडे झुकली की सूचना न देता कलंडते. गोलसर बुडाची सुरुवातीला डुगडुगते, मात्र झुकल्यावर सावरून धरते. नवशिक्याला मधला प्रकार सोपा जातो: तळ बऱ्यापैकी सपाट, कडा गोल. दोन्ही बाजूंना जाड पट्टे आणि मधे खोबण असलेलं बूडही स्थिर असतं, फक्त खोबणीत गोटे अडकून खरखर आवाज होतो आणि तो आवाज मासे पळवतो.

बोट बाजूने पाहा. दोन्ही टोकं किंचित वर उचललेली असतील तर ती चटकन वळते आणि दगडावरून पुढे सरकते. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सरळ रेषा असेल तर ती सरळ छान जाते, पण वळणावर हट्ट करते. ओढ्यासाठी थोडा उचललेला आकार निवडा. तळाला मधोमध खोल कणा असेल तर टाळा. प्रत्येक गोटा आधी त्यालाच लागतो.

उभं राहून गळ टाकायची हौस असणाऱ्यांना ३३-३४ इंचांहून रुंद बोट लागते आणि तिच्याबरोबर दहा किलो वजन वाढतं. झाडांनी आच्छादलेल्या ओढ्यात उभं राहिलं की डोकं फांद्यांत जातं आणि काठी फिरवायला जागा उरत नाही. इथे बसूनच मासे मिळतात.

वजन, आणि ते खरं किती

कयाक एकट्याने उचलून शंभर पावलं चालता आली पाहिजे. ही एकच कसोटी पाळलीत तर निम्म्या चुका टळतील. बहुतेकांसाठी ही मर्यादा २० ते २५ किलोंच्या आसपास येते. छापील वजन अनेकदा खुर्ची सोडून दिलेलं असतं. खुर्ची, वल्हं, पेटी धरून आकडा सहज पाच-सहा किलोंनी वाढतो. म्हणून दुकानातच उचलून पाहा. बोट जमिनीवर आडवी ठेवा, गुडघे वाकवा, जवळची कड मांडीवर घ्या, मग लांबची कड धरून खांद्यावर चढवा. हे करताना पाठ वाकवावी लागत असेल तर ती बोट तुमची नाही. पुढच्या आणि मागच्या टोकाला मूठ आहे का आणि ती दोन स्क्रूंवर लटकलीय की अंगात नीट बसवलीय, हेही पाहा; उंच काठावरून बोट वर ओढताना सगळं वजन त्या मुठीवर येतं.

ओढत नेली की मागच्या टोकाचा तळ झिजतो. त्या जागी बदलता येणारी झीजपट्टी असलेली बोट मिळाली तर उत्तम. स्कपरच्या भोकात दांडे घालायच्या चाकगाड्या टाळा. खडबडीत वाटेवर सगळा धक्का त्या नळ्यांच्या कडांवर बसतो आणि तिथेच भेगा पडतात. पट्ट्याने बांधायची चाकगाडी बरी.

साहित्याबद्दल थोडक्यात: साच्यात फिरवून बनवलेलं पॉलिथिलीन जड असतं, पण दगडांचा मार खातं, आणि भेग पडली तर त्याच जातीच्या प्लास्टिकने उष्णता देऊन सांधता येते. साधा गोंद त्यावर धरत नाही. एबीएस या कडक प्लास्टिकच्या पत्र्याची कयाक हलकी, चकचकीत आणि ताठ असते, पण टोकदार दगडाचा जोरदार फटका बसला की तडकू शकते. गोट्यांच्या ओढ्याला पॉलिथिलीन, मऊ गाळाच्या ओढ्याला दोन्ही चालतील.

बैठक, पाय, काठ्या

खुर्ची जमिनीलगतची घ्या. उंच खुर्ची आरामशीर असते, पण वजनाचा मध्य वर जातो आणि फांदी चुकवायला झुकलात की बोटही झुकते. पाठीला आधार, आणि बोटीच्या लांबीत पुढे-मागे सरकवता येणारे पायटेकू हवेत. टाच टेकून गुडघा किंचित वाकलेला राहील अशी जागा मिळाली पाहिजे. ती मिळाली नाही तर तासाभरात कंबर बोलायला लागते.

रॉड होल्डर दोन पुरे. खुर्चीमागे उभे बसवलेले होल्डर तलावावर सोयीचे. ओढ्यात उभी काठी प्रत्येक फांदीत अडकते आणि टोक मोडतं. काठी बोटीच्या लांबीत आडवी, टोक आतल्या बाजूला ठेवता येईल अशी खाच किंवा इलॅस्टिकची दोरी शोधा. होल्डर नंतरही बसवता येतात. भोक पाडण्याआधी आतून हात पोहोचतो का ते मात्र पाहा, नाहीतर नटबोल्ट आवळताच येणार नाही.

वल्हं, लाइफ जॅकेट, नांगर

२८ ते ३२ इंच रुंद, खालच्या बैठकीच्या कयाकला २३० ते २४० सेंटिमीटरचं वल्हं. आखूड घेतलं तर हात बोटीच्या कडेवर आपटतात, लांब घेतलं तर ते दोन्ही काठांच्या झुडपांत अडकतं. मधे दोन भाग होणारं असू द्या, कारण अगदी अरुंद जागी अर्ध्या वल्ह्याने काम चालतं. पातं मजबूत प्लास्टिकचं घ्या. ओढ्यात ते दगडांवर टेकून ढकलायलाही वापरलं जातं.

लाइफ जॅकेट मापाचं, आणि पाण्यात पाऊल टाकल्यापासून अंगावर. पाठीवरचा फोम वरच्या बाजूला असलेलं जॅकेट घेतलं तर ते खुर्चीच्या पाठीवर दाबलं जात नाही आणि मग काढून ठेवायचा मोह होत नाही. घेण्याआधी घालून पट्टे आवळा आणि कुणाला तरी खांद्यांपाशी वर ओढायला सांगा. ते कानांपर्यंत सरकत असेल तर मोठं आहे.

वाहत्या पाण्यात बाजूला बांधलेला नांगर बोट उलटवतो: प्रवाह बोट आडवी करतो, नांगराची दोरी एक कड खाली खेचते आणि पाणी त्या कडेवरून आत येतं. संथ डोहात दीड किलोचा घडीचा नांगर पुरतो, तोही मागच्या टोकाला आणि एका झटक्यात सुटेल अशा गाठीने बांधलेला. बाकी ठिकाणी काठाची फांदी पकडणारा चिमटा किंवा गाळात रोवायची काठी जास्त उपयोगी पडते. दोरी कापायला बोथट टोकाची सुरी जॅकेटलाच अडकवून ठेवा. प्रवाहात वल्हं, काठी, काहीही स्वतःच्या अंगाला बांधू नका.

वापरलेली घेताना

सुरुवातीला वापरलेली कयाक घेणं शहाणपणाचं आहे. या प्लास्टिकचं आयुष्य मोठं असतं. उलटी करून मागचं टोक आधी पाहा. ओरखडे असणारच, नखाने चाचपून जिथे प्लास्टिक पातळ, लवचीक लागतं ती जागा वाईट. मग स्कपरच्या कडा, खुर्चीचे बोल्ट, मुठींची मुळं. अंधाऱ्या जागी झाकणातून विजेरी आत टाका. भेग असेल तर बाहेरून प्रकाशाची रेघ दिसते. वर्षानुवर्षं उन्हात राहिलेल्या बोटीचा रंग खडूसारखा हाताला लागतो आणि प्लास्टिक ठिसूळ झालेलं असतं. तशी घेऊ नका, कितीही कमी किमतीत मिळो. तळ थोडा आत दबलेला असेल तर मात्र घाबरू नका. उन्हात उलटी ठेवली की बहुतेक वेळा तो परत येतो.

असे खळगे सहसा वाहतुकीत पडतात. गाडीच्या टपावर बांधताना साध्या बकलचे दोन रुंद पट्टे वापरा. दात्यांचे, कळ दाबत आवळायचे पट्टे गरम प्लास्टिक दाबून टाकतात. शिवाय दोन्ही टोकांना वेगळी दोरी. घरी कडेवर आडवी किंवा पालथी ठेवा, आणि टेकू दोन्ही टोकांपासून लांबीच्या पाव भागावर द्या.

पाण्यात पारख

घेण्याआधी, किंवा निदान पहिल्या फेरीआधी, कमरेएवढ्या संथ पाण्यात अर्धा तास काढा. नेणार तेवढंच सामान किंवा तेवढ्या वजनाच्या पाण्याच्या बाटल्या बोटीत ठेवा, गळ-काठी घरीच राहू द्या.

प्रथम शांत बसून पाहा, दोन्ही टोकं सारखी तरंगतात का. मागचं टोक फार खाली असेल तर खुर्ची किंवा पेटी पुढे सरकवा. मग हळूहळू एका बाजूला झुका, बोट कुठे सावरते आणि कुठे सोडून देते ते अंगाला कळू द्या. मागे वळून पेटी हाताशी येते का? एका जागी पूर्ण गिरकी घ्यायला किती फटके लागतात? छोट्या, वळणशील बोटीला सहा-सात पुरतात. मग पन्नास मीटर सरळ वल्हवा आणि नाक किती भरकटतं ते पाहा.

शेवटी मुद्दाम उलटा. पालथी बोट सरळ करा, मधोमध कड धरा, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर येईपर्यंत झाडा, पोटावर सरकून बोटीवर आडवे या, मग पाठीवर वळून बैठकीत बसा. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर बोट तुमच्यासाठी उंच आहे किंवा अजून सराव हवा. तोवर एकट्याने ओढ्यात जाऊ नका. हीच वेळ एक सवय लावून घेण्याची: प्रवाह तुम्हाला दगडावर आडवं दाबू लागला तर दगडाच्या दिशेनेच झुकायचं. मन उलटं सांगतं, पण दगडापासून दूर झुकलात की प्रवाहाकडची कड खाली जाते आणि बोट क्षणात भरते. आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांमधून पाणी वाहत असेल तिथे झुकण्याचाही प्रश्न नाही. दुरूनच काठाला लागून चालत पुढे जायचं.

बाहेर आल्यावर मागचं बूच उघडून बोट तिरकी करा. कपभर पाणी निघालं तर ते बोल्टांच्या भोकांतून आलेलं आहे, काळजी नको. एक-दोन लिटर निघालं तर बोट दोन टेकूंवर कोरडी पुसून ठेवा, झाकणातून चार-पाच लिटर पाणी आत ओता, बूच लावा आणि बोट हळूहळू चारी बाजूंना कलती करा. जिथून थेंब बाहेर येईल तिथे पेन्सिलने खूण करा.